सेडलाचेकांचा कुत्रा आधी भुंकतो

डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही एका लांबलचक पिवळ्या बसमध्ये बसला आहात. सकाळचे पावणेआठ वाजलेत. बाहेर मार्चमधलं धुकं आहे, इतकं दाट की खिडक्यांना कुणीतरी बाहेरून दूध फासलंय असं वाटावं. रस्ता खडीचा, आणि रात्री पडलेल्या पावसाचा त्यावर काचेसारखा बर्फ झालेला. आत एकोणीस मुलं आहेत. हीटरचा पंखा घरघरतोय, ओल्या लोकरीचा नि संत्र्याच्या सालींचा वास येतोय, मागे कुणीतरी कुणाची टोपी पळवलीय. आता बस थांबते. छतावरचे दिवे लागतात. आणि एकोणीसच्या एकोणीस तोंडं एकदम मिटतात.

का बरं? कारण समोर रूळ आहेत.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या खेड्यांत असं रोज दोनदा व्हायचं. बस चालवायच्या मिस आर्लीन. वय साठीला टेकलेलं, खांद्यानं रुंद, आणि आवाज असा की तो चढवायची वेळच येऊ नये. रुळांच्या पंधरा पावलं अलीकडे त्या बस उभी करत, दिवे लावून गप्प राहण्यासाठी दोन्ही हात वर करत, पंखा बंद करत, शेजारची काच खाली घेत आणि दार उघडत. मग मान बाहेर काढून ऐकत बसत. तिथे ना फाटक होतं ना लाल दिवा. होती ती पांढऱ्या फुलीची एक पाटी. रूळ एकच जोडी, पण कोळशाने भरलेल्या गाड्या पश्चिमेकडून पूर्वेला जात आणि रिकाम्या पूर्वेकडून पश्चिमेला परत. कधी जातील याचा नेम नसे. म्हणून कानच उघडे ठेवायचे. छतावरचे दिवे लागले की मुलांनी श्वासही हळू घ्यायचा, हा नियम. आणि बस रुळांवर चढली की सगळ्यांनी दोन्ही पाय वर उचलून धरायचे. हा नियम मात्र मिस आर्लीनचा नव्हता, मुलांचाच होता. पाय खाली राहिले तर वर्षभर नशीब फुटकं, असं त्यांच्या आईबापांनीही आपल्या लहानपणी मानलं होतं.

डार्ला कुचेरा अकरा वर्षांची, पाचवीत. गप्प बसणं म्हणजे तिला ताप चढल्यासारखं वाटे. तिला नकला यायच्या. बायबल शिकवणाऱ्या बाईंची, लिलावात बोली लावणाऱ्याची, कोंबडीच्या तावडीतून सुटलेल्या किड्याचीसुद्धा. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी छतावरचे दिवे लागले, दार उघडलं, सगळी बस चिडीचूप झाली, आणि डार्लाला राहवेना. तिने दोन्ही हातांची पुंगळी केली, तोंड मफलरमध्ये खुपसलं आणि रेल्वेच्या भोंग्याची नक्कल केली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. इतकी हुबेहूब, आणि इतकी लांबून आल्यासारखी, की मिस आर्लीन पूर्ण दोन मिनिटं बस रोखून गाडीची वाट बघत राहिल्या. गाडी आली नाही. मागच्या बाकांवर कुणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

मिस आर्लीन ओरडल्या नाहीत. रूळ ओलांडून पलीकडे बस बाजूला घेतली, सावकाश उठून मागे आल्या आणि डार्लासमोर उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "पोरी, माझ्याकडे हे दोनच कान आहेत. तू आज दोन्ही वाया घालवलेस."

शिक्षा झाली ती सहा आठवड्यांची. दाराशेजारची पहिली सीट, एकटीने. रस्टी बोहाच, आठवीतला, सगळ्यात उंच आणि जिभेने सगळ्यात तिखट, त्याने त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, भोंगा. रोज सकाळी चढताना तो तिच्या टोपीला टिचकी मारून म्हणायचा, "काय भोंग्या, आज किती वाजताची गाडी?"

पहिला आठवडा डार्ला रागाने खिडकीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या आठवड्यात एकदा दार उघडल्यावर मिस आर्लीननी तिच्या लोकरीच्या टोपीकडे बोट दाखवलं आणि ती काढायची खूण केली. बाहेरची थंडी दारातून आत येऊन डार्लाचे कान चावू लागली. मिस आर्लीन कुजबुजल्या, "कान झाकले की अर्धं जग दिसेनासं होतं. काय ऐकू येतंय, सांग मला."

डार्ला म्हणाली, काहीच नाही. मग म्हणाली, वारा. मग थोड्या वेळाने म्हणाली, कुत्रा.

मिस आर्लीनना ते फार आवडलेलं दिसलं. तो सेडलाचेकांचा कुत्रा, त्या म्हणाल्या. म्हातारा आहे, आंधळा आहे, आणि पश्चिमेला पाऊण मैलावर रुळांच्या कडेलाच त्याचं घर. पश्चिमेकडून गाडी येणार असली की माणसाला काही कळायच्या आत तो भुंकायला लागतो. रुळांची थरथर त्याच्या पंजांना आधी लागत असणार. गाडी पूर्वेकडून येत असेल तर उलटं, आधी गावातला भोंगा ऐकू येणार आणि कुत्रा सगळ्यात शेवटी. "भोंग्यावर भरवसा ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "गावचं धान्याचं कोठार आहे ना, तेवढी उंच काँक्रीटची भिंत, ती आवाज परत फेकते. धुक्यात तर फारच. कुत्र्याचं भुंकणं मात्र त्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही."

तेव्हापासून रोज सकाळी दोघी मिळून ऐकायच्या. डार्लाला शिक्षा कधी संपतेय असं वाटायचं थांबलं नव्हतं, पण टोपी ती न सांगता काढू लागली होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. दर सप्टेंबरात शाळेमागच्या मैदानात बसमधून बाहेर पडायचा सराव व्हायचा. मिस आर्लीन गवतावर दोन दोर टाकत. हे रूळ. बस रुळांवर अडकलीय, ती बघा, मैदानाच्या त्या टोकाकडून गाडी येतेय, चला उतरा. त्या वर्षी रांग न्यायची पाळी डार्लाची होती. ती उतरली आणि कुणीही शहाणं माणूस करील तेच तिने केलं, गाडीकडे पाठ केली आणि सगळ्यांना घेऊन पळाली. मिस आर्लीननी शिट्टी वाजवून परत बोलावलं. पुन्हा. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्यांना गवतावर बसवलं आणि विचारलं, ट्रकखाली भोपळा आला तर बिया कुठे उडतात? मुलांनी सांगितलं, ट्रक जातो तिकडे. मग बसचं काय होईल? गाडी तिला आपल्या पुढे फेकील, काचा-पत्रा सगळा. म्हणून पाठ करून पळायचं नाही. रुळांपासून दूर व्हायचं, पण तिरकं, ज्या बाजूने गाडी येते त्या बाजूला. तोंड तिच्याकडे.

रस्टी तेव्हा म्हणाला होता, "डार्लाला गाडीशी हात मिळवायचाय." सगळे हसले होते. तीच रांग डार्लाला आणखी दोनदा न्यावी लागली होती.

आता त्या धुक्याच्या सकाळकडे परत या. गुरुवार होता. शिक्षेचे दोन दिवस उरले होते. डार्लाच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता, आत आईने पहाटे भाजलेले गोड पाव, कोलाचे म्हणतात ते, काळ्या प्लमचं आणि खसखशीचं सारण भरलेले. तिच्या वर्गशिक्षिकेचा वाढदिवस होता. दिवे लागले, दार उघडलं, दोघींनी ऐकलं. वारा नाही, कुत्रा नाही, काही नाही. मिस आर्लीननी दार लावलं आणि बस हळूच पुढे घेतली. एकोणीस जणांनी पाय वर उचलले.

पुढची चाकं रुळांवरून पलीकडे गेली. मागची चाकं दोन रुळांच्या मधल्या फळ्यांवर आली आणि तिथेच फिरू लागली. फळ्यांवर बोटभर बर्फ होता. मिस आर्लीननी मागे घेतलं, पुढे घेतलं. चाकं सूं सूं करत जागच्या जागी फिरली आणि बस शेपटी हलवल्यासारखी थोडी तिरकी झाली, बस्स. मुलांचे पाय अजून हवेतच होते.

तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. इंजिन बंद केलं. त्या दिवसांत बसमध्ये वायरलेस नसे, मोबाइल तर कुणी ऐकलाही नव्हता. त्यांनी दार उघडलं, उभ्या राहिल्या आणि जेवायला पानं घेतलीत म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "सप्टेंबरात केलं तेच करायचंय. सामान सीटवर. हात रिकामे. पहिल्या सीटवरचं मूल रांग नेणार."

पहिल्या सीटवरचं मूल डार्ला होती.

तिने डब्याकडे पाहिलं. पत्रा अजून कोमट होता. मग तो सीटवर ठेवून ती उतरली.

बसचं दार उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला. उतरलं की समोर पूर्वच. तिकडे जमीन जरा उताराची, पुढे सिमेंटच्या पाइपाचा छोटा पूल, त्याच्या आडोशाला थांबायला छान जागा. पश्चिमेला जायचं तर बसच्या नाकासमोरून वळसा घालून कुंपणाच्या तारेखालून वाकून नांगरटीत शिरायचं. डार्ला बसच्या नाकाशी थांबली. तिच्यामागे एकेक जण उतरत होता, धाकट्यांचे हात मोठ्यांनी धरलेले, सगळं सरावासारखं. फक्त कुणाच्या तरी दातांचा आवाज येत होता.

गाडी आली नव्हती. पण येणार असेल तर कुठून? पश्चिम की पूर्व? रांग कुठे न्यायची?

शेवटून दुसरा रस्टी उतरला. आत मिस आर्लीन वाकून कुणाशी तरी बोलत होत्या. पाच वर्षांची ट्वायला भीतीने सीटखाली शिरली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

तेवढ्यात भोंगा झाला. दोन लांब, एक आखूड, एक लांब. तो आला पूर्वेकडून, अगदी स्वच्छ, कोठाराच्या बाजूने.

रस्टीने लगेच हात वर केला. घाबरला होता, पण नियम त्याला पाठ होता. "गाडी पूर्वेकडून येतेय. तोंड तिकडे करून तिरकं जायचं. पुलाकडे चला." आणि सात-आठ मुलं खरोखरच त्याच्यामागे निघालीसुद्धा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सप्टेंबरात डार्ला चुकल्यावर मिस आर्लीननी जे शिकवलं होतं तेच तो करत होता.

डार्ला म्हणाली, थांबा. तिचा आवाज तिला स्वतःलाच खरा वाटला नाही. ती पुन्हा म्हणाली, धुक्यात भोंगा उलटा ऐकू येतो, मिस आर्लीननी सांगितलंय.

रस्टी वळला. "भोंग्याचं तुला जास्त कळतं, नाही का? जानेवारीत ऐकलंय आम्ही."

कुणीही हसलं नाही. पण कुणी थांबलंही नाही. डार्लाला त्या क्षणी कळलं, की ती आता कितीही ओरडली, शपथा घेतल्या, रडली, तरी तिच्या शब्दाला काही वजन उरलेलं नाही. ते तिने स्वतःच मफलरमध्ये तोंड खुपसून घालवलं होतं.

मग तिने डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हात वर केले, बसमध्ये दिवे लागल्यावर मिस आर्लीन करत तसे, आणि बोलली ती अगदी हळू.

"माझं ऐकू नका. कुत्र्याचं ऐका."

रोजच्या सवयीनेच असेल, पण ते वर गेलेले हात पाहून मुलं गप्प झाली. रस्टीसुद्धा. धुकं इतकं शांत होतं, की तारेवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. आणि त्या पाण्यामागे, फार लांब, पश्चिमेला, एक म्हातारा कुत्रा भुंकत होता. थांबत नव्हता. घसा बसलेल्या माणसासारखा, एकसारखा.

रस्टीचा चेहरा हळूहळू बदलला. त्याच्या शेतावरही कुत्रे होते.

"सेडलाचेकांचा," तो म्हणाला.

"हो. आणि तो पश्चिमेला राहतो."

डार्लाने बसच्या नाकाला वळसा घातला, कुंपणाची खालची तार पायाने दाबली, वरची हाताने उचलली आणि एकेकाला आत घेतलं. दुसऱ्या बाजूने रस्टीने तार धरली. नांगरटीतली ढेकळं गोठून दगड झाली होती, धाकटी अडखळत होती. डार्ला पुढे चालत होती, रुळांपासून तिरकी, समोर पांढऱ्या धुक्याकडे तोंड करून. आता रूळ गुणगुणू लागले होते. धुक्यात एक पिवळट डाग उजळला, आणि तिचे पाय म्हणाले, वळ, पळ. तुमचेही म्हणाले असते. ती डागाकडेच चालत राहिली, आणि सतराजण तिच्यामागे.

तिने एकदाच मागे पाहिलं. बसच्या दारातून मिस आर्लीन उतरत होत्या, खांद्यावर पिठाच्या पोत्यासारखी ट्वायला. त्या वळसा घालून कुंपणाशी आल्या, पण हातात मूल घेऊन तारेखालून वाकता येईना. रस्टी परत धावला. त्याने ट्वायलाला वरून घेतलं, मिस आर्लीनचा कोट तारेत अडकला, तो त्यांनी तिथेच सोडला आणि आत आल्या.

भोंगा पुन्हा झाला. या वेळी तो कुठून येतोय हे कुणाला विचारावं लागलं नाही. मग ब्रेकांचा आवाज, लोखंड लोखंडावर घासल्याचा, संपतच नाही असा. इंजिन त्यांच्या शेजारून गेलं तेव्हा जमीन तळव्यांखाली हलली. मग धडक. ती कशी होती हे त्यांच्यातल्या कुणालाच पुढे नीट सांगता आलं नाही. काचांचा आवाज मात्र सगळ्यांना आठवायचा, आणि तो आवाज त्यांच्यापासून दूर, पूर्वेकडे गेला हेही.

गाडी पाऊण मैल पुढे जाऊन थांबली. बऱ्याच वेळाने धुक्यातून इंजिन चालवणारा माणूस धावत आला. चांगला पन्नाशीचा, डोक्यावर टोपी नाही, तोंड पिठासारखं. कुंपणाशी पोहोचला आणि तार धरून उभा राहिला. आत कितीजण होते, त्याने विचारलं.

"कुणी नव्हतं," रस्टी म्हणाला. "आम्ही सगळे इथे आहोत."

तो माणूस तिथेच, गोठलेल्या मातीवर, खाली बसला.

शुक्रवारी शाळा भरली नाही. सोमवारी दुसऱ्या कुठल्याशा शाळेची उसनी घेतलेली बस आली, आत नवाच वास, सीटा हिरव्या. चालवायला मात्र मिस आर्लीनच होत्या, दुसऱ्या कोटात. रस्टी डार्लाच्या आधी चढला होता. ती आली तसा त्याने जाकिटातून एक पत्र्याचं झाकण काढून तिच्या हातात दिलं. कागदासारखं चुरगळलेलं, एका कडेला अजून काळं सारण चिकटलेलं. शनिवारी तो वडिलांबरोबर तिथे गेला होता. झाकण पुलाच्या पाइपापाशी सापडलं, तो म्हणाला, अगदी त्या आडोशाला. आणि तो आडोसा सगळा बसच्या काचांनी नि पत्र्याने भरला होता. टोपीला टिचकी मात्र त्याने मारली नाही.

मिस आर्लीन आरशातून पाहत होत्या. "तुझे सहा आठवडे संपले," त्या म्हणाल्या. "मागे जायचं तर जा."

मागून मैत्रिणी हाका मारत होत्या. तिची जुनी जागा, खिडकीशेजारची, त्यांनी दप्तर ठेवून अडवून धरली होती. तिथे ऊब होती, गप्पा होत्या, सहा आठवड्यांच्या राहिलेल्या सगळ्या नकला होत्या.

तुम्ही कुठे गेला असता?

डार्लाने ते झाकण दप्तरात ठेवलं आणि मागे जाऊन बसली. मैत्रिणींना तिने लिलाववाल्याची नक्कल करून दाखवली, आणि त्या खूप हसल्या. मग बस मंदावली. खिडकीतून पांढऱ्या फुलीची पाटी दिसली. छतावरचे दिवे लागले, पंखा बंद झाला, दार उघडलं.

डार्ला उठली. एकाही शब्दाविना मधल्या वाटेने पुढे आली, दाराशेजारच्या रिकाम्या सीटवर बसली, आणि थंडी आत यायच्या आधीच तिने टोपी काढली.